संत गुलाम महाराज : अभिवादनाची भाषा आणि आत्मसन्मान

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हाला पुढील गोष्टी करता येतील :

- संत गुलाम महाराजांचे जीवन व कार्य त्यांच्या प्रदेशाच्या आणि काळाच्या संदर्भात सांगता येईल.
- संबोधन, अभिवादन आणि देहबोली यांवर संस्कृतीचा व सत्तासंबंधांचा प्रभाव कसा पडतो, हे उदाहरणांसह स्पष्ट करता येईल.
- ‘आप’ या संबोधनाचा सामाजिक अर्थ उलगडून दाखवता येईल.
- या चळवळीवरील आक्षेपांचा विचार करून स्वतःचे मत मांडता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, संवादाच्या शाब्दिक आणि अशाब्दिक अशा दोन बाजू असतात, हे तुम्हाला परिचित आहे. नमस्कारासाठी जुळणारे हात, वडीलधाऱ्यांपुढे झुकणारी मान, बोलताना राखलेले अंतर, बसण्याची जागा, डोळ्याला डोळा भिडवणे किंवा टाळणे या सर्व गोष्टी काहीतरी सांगत असतात. त्यांचा अर्थ कोणत्याही शब्दकोशात लिहिलेला नसतो. तो आपण घरात, गावात आणि कामाच्या ठिकाणी न शिकवता शिकतो. म्हणूनच तो आपल्याला निसर्गदत्त वाटू लागतो.

फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मोस यांनी १९३४ साली दिलेल्या एका व्याख्यानात चालणे, बसणे, पोहणे, झोपणे यांसारख्या साध्या शारीरिक क्रियाही समाजाने घडवलेल्या असतात, असे प्रतिपादन केले. त्यानंतर काही वर्षांनी, १९४१ मध्ये, डेव्हिड एफ्रॉन या अभ्यासकाचा हावभावांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. न्यूयॉर्कमध्ये स्थायिक झालेल्या पूर्व युरोपीय ज्यू आणि दक्षिण इटालियन लोकांच्या हातवाऱ्यांची त्यांनी तुलना केली. आपल्या पारंपरिक वस्तीत राहणाऱ्यांचे हातवारे परस्परांहून स्पष्टपणे वेगळे होते. परंतु अमेरिकी समाजात मिसळून गेलेल्यांमध्ये हा फरक मावळत चालला होता. हातवारे रक्तातून येत नाहीत, ते परिसरातून येतात, हा त्यांचा निष्कर्ष होता. वंशावरून माणसाची प्रत ठरवणाऱ्या विचारांचा जोर असलेल्या काळात या निष्कर्षाला विशेष महत्त्व होते.

याच दशकात सातपुड्याच्या पायथ्याशी एक भिल्ल सुधारक हीच गोष्ट प्रत्यक्ष आचरणातून सिद्ध करीत होता. माणसाने माणसाला कसे हाक मारावे आणि कसे अभिवादन करावे, हे बदलले तर माणसाचे स्वतःविषयीचे मतही बदलते, हे त्यांनी ओळखले. त्यांचे नाव संत गुलाम महाराज. अनुयायी त्यांना गुला महाराज असेही म्हणतात. या घटकात आपण त्यांच्या चरित्राचा अभ्यास संवादाच्या दृष्टीने करणार आहोत.

२. प्रदेश आणि काळ

आजचा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी असे त्याचे सहा तालुके आहेत. गुलाम महाराजांच्या काळी हा सर्व भाग मुंबई प्रांतातील पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. उत्तरेला नर्मदा, मध्ये सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या दक्षिणेला तापीचे सुपीक खोरे अशी या प्रदेशाची रचना आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातील सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा अनेक समाजांची येथे वस्ती असून भिलीच्या विविध बोलींबरोबर अहिराणी, गुजरी आणि मराठी येथे बोलल्या जातात.

या समाजांची स्वतःची समृद्ध देहभाषा आहे, ही गोष्ट प्रारंभीच लक्षात घ्यायला हवी. अक्कलकुवा तालुक्यातील काठी या गावची होळी याचे उत्तम उदाहरण आहे. उंच बांबू उभा करून पेटवलेल्या होळीभोवती रात्रभर ढोलाच्या तालावर नृत्य चालते. मोरपिसांचे टोप, अंगावरची रंगरंगोटी, कमरेला बांधलेले घुंगरू आणि भोपळे यांतून नाचणाऱ्याचा देहच बोलू लागतो. देवाला आणि पूर्वजांना मोहाच्या दारूचे थेंब वाहण्याची, म्हणजे धार टाकण्याची प्रथाही भिल्ल परंपरेत जुनी आहे. जन्म, लग्न, मृत्यू, पेरणी, कापणी अशा प्रत्येक प्रसंगी तिला स्थान होते. दारूकडे केवळ व्यसन म्हणून पाहिले तर तिचा हा सांकेतिक अर्थ आपल्या नजरेतून सुटतो.

एकोणिसाव्या शतकात या जीवनावर बाहेरून मोठे आघात झाले. १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला. डोंगरातील भिल्लांना काबूत आणण्यासाठी १८२५ मध्ये भिल्ल पलटण उभारण्यात आली. पुढे जंगलावर सरकारी हक्क प्रस्थापित झाला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने मद्यनिर्मितीवर सरकारचे नियंत्रण आले. घरी गाळलेली मोहाची दारू आता गुन्हा ठरू लागली आणि परवानाधारक दुकानातून विकत घ्यावी लागणारी दारू कर्जाचे कारण बनली. सावकाराचे देणे फिटेना, म्हणून सपाटीवरची जमीन हातून गेली. पूर्वीचा जमीनधारक त्याच शेतात सालदार म्हणून राबू लागला. मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने आदिवासींच्या स्थितीविषयी १९३९ मध्ये सादर केलेल्या अहवालातही या कर्जबाजारीपणाची आणि पिळवणुकीची नोंद आहे.

३. देहाला लागलेले वळण

अशा परिस्थितीत माणसाची केवळ जमीन जात नाही; त्याची उभे राहण्याची पद्धतही बदलते. खेड्यातील ओट्याचे उदाहरण घ्या. कोण ओट्यावर बसतो, कोण पायरीशी टेकतो आणि कोण अंगणात उभा राहतो, यावरून त्या गावातील सत्तेचा नकाशा काढता येतो. मालक खाटेवर आणि सालदार जमिनीवर. मालक बसलेला आणि सालदार उभा. मालक नाव घेऊन एकेरीत बोलावणार आणि सालदार मान खाली घालून अदबीने उत्तर देणार. यांतील एकही नियम लेखी नसतो. तरीही तो मोडला तर काय होईल, हे दोघांनाही ठाऊक असते.

संबोधनाचेही तसेच आहे. मराठीत द्वितीय पुरुषासाठी ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ अशी तीन रूपे आहेत. रॉजर ब्राऊन आणि अल्बर्ट गिलमन या अभ्यासकांनी १९६० साली युरोपीय भाषांतील अशा सर्वनामांचा अभ्यास केला आणि त्यांच्या वापरामागे सत्ता व आपुलकी अशी दोन तत्त्वे असल्याचे दाखवले. दोघेही एकमेकांना ‘तू’ म्हणत असतील तर ती जवळीक असते. दोघेही ‘तुम्ही’ म्हणत असतील तर तो परस्परांचा आदर असतो. मात्र एकाने ‘तू’ म्हणायचे आणि दुसऱ्याने ‘तुम्ही’ म्हणायचे, अशी एकतर्फी व्यवस्था असेल तर ती सत्तेची खूण ठरते.

हा भेद गुलाम महाराजांचे कार्य समजण्यासाठी आवश्यक आहे. भिली बोलींत ‘तू’ मोकळेपणाने वापरला जातो आणि त्यात अपमान नसतो. आई, बाप, भाऊ, शेजारी यांच्याशी बोलताना तो जिव्हाळ्याचाच असतो. परंतु बाजारात, कचेरीत आणि मालकाच्या अंगणात ऐकू येणारा ‘तू’ वेगळा होता. त्याला उत्तरादाखल ‘तू’ म्हणण्याची मुभा नव्हती. एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले होते आणि अर्थ ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याच्या हाती होता.

४. मोरवडचे गुलाम महाराज

गुलाम महाराजांचा जन्म तळोदा तालुक्यातील मोरवड या गावी भिल्ल कुटुंबात झाला. हे गाव आज रंजनपूर या नावानेही ओळखले जाते. तळोदा हे सातपुड्याच्या पायथ्याचे, तापीच्या उत्तरेचे गाव. डोंगरातील पाडे आणि खोऱ्यातील बागायती गावे यांच्या सीमेवर हा परिसर येतो. त्यामुळे डोंगरातील स्वायत्त जीवन आणि सपाटीवरचे अंकित जीवन या दोहोंचे दर्शन येथील माणसाला रोज घडत असे.

महाराजांचे सार्वजनिक कार्य १९३० च्या दशकातील आहे. हा काळ खानदेशात जागृतीचा होता. डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन होते. १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि दारूबंदी हे सरकारी धोरण बनले. आदिवासी समाजातही सुधारणेची परंपरा होती. १९२२ च्या सुमारास दक्षिण गुजरातेतून निघालेली देवीची चळवळ खानदेशातही पोहोचली होती. देवीच्या आज्ञेने दारू सोडा, स्वच्छ राहा, असा संदेश त्या चळवळीने दिला होता.

गुलाम महाराजांनी याच धर्तीवर, परंतु आपल्या स्वतंत्र पद्धतीने कार्य उभारले. त्यांच्या शिकवणीची सूत्रे थोडी आणि सोपी होती : दारू सोडावी, नित्य स्नान करून स्वच्छ राहावे, सदाचाराने वागावे, एकत्र येऊन आरती करावी आणि प्रत्येक माणसाला ‘आप’ म्हणावे. यासाठी ग्रंथ वाचता येण्याची गरज नव्हती, पैशाची गरज नव्हती आणि कोणाच्या परवानगीचीही गरज नव्हती. आपले शरीर, आपली वाणी आणि आपले वर्तन एवढेच भांडवल पुरेसे होते. ज्यांच्याकडून बाकी सर्व काढून घेतले गेले होते, त्यांच्याकडेही ते शिल्लक होते.

मोरवड येथे दर सोमवारी आरती होऊ लागली. प्रथम आसपासच्या पाड्यांवरून आणि नंतर दूरदूरच्या गावांहून लोक हजारोंच्या संख्येने येऊ लागले. आरतीला आलेली माणसे परत जाताना नवे अभिवादन आणि नवी शिस्त आपल्या गावी घेऊन जात. ‘आप की जय’ हे या समूहाचे अभिवादन बनले आणि त्यावरूनच त्यांच्या अनुयायांचा परिवार ओळखला जाऊ लागला.

महाराजांचे हे कार्य ऐन भरात असतानाच १९३८ मध्ये त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या सार्वजनिक जीवनाचा कालखंड अशा रीतीने अल्प ठरला. परंतु त्यांनी रुजवलेले अभिवादन त्यांच्यानंतरही टिकून राहिले.

५. ‘आप’ : एका संबोधनाचा अर्थ

गुलाम महाराजांच्या ‘आप’ या संबोधनाचे वैशिष्ट्य त्याच्या व्याप्तीत आहे. वडीलधाऱ्यांना किंवा प्रतिष्ठितांना आदराने बोलवा, असे सांगणारे अनेक असतात. महाराजांनी लहान मुलालाही ‘आप’ म्हणावे असे सांगितले. नवऱ्याने बायकोला, बापाने मुलाला, सासूने सुनेला ‘आप’ म्हणायचे, असा याचा अर्थ होतो. आदर देण्यासाठी समोरच्याचे वय, लिंग, संपत्ती किंवा जात विचारात घ्यायची नाही. तो माणूस आहे, एवढे पुरेसे आहे.

याचा परिणाम दोन दिशांनी होतो. पहिला परिणाम समाजाच्या आत घडतो. ज्याला लहानपणापासून ‘आप’ अशी हाक ऐकू येते, त्याला आपण आदरास पात्र आहोत ही जाणीव कोणी वेगळी शिकवावी लागत नाही. घरात आदर मिळालेल्या माणसाला बाहेरचा अनादर खटकतो. ज्याला कधीच आदर मिळालेला नाही, त्याला तो अनादर आहे हेही कळत नाही. दुसरा परिणाम समाजाच्या बाहेर घडतो. सर्वांना ‘आप’ म्हणणारा माणूस मालकालाही ‘आप’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दातील लाचारी निघून जाते. कारण तोच शब्द तो आपल्या मुलालाही उद्देशून वापरत असतो. ‘आप’ हा दर्जा दाखवणारा शब्द न राहता माणुसकी दाखवणारा शब्द होतो.

मराठीच्या विद्यार्थ्यांनी येथे आणखी एका गोष्टीची नोंद घ्यावी. मराठीतील ‘आपण’ या सर्वनामाला दोन अर्थ आहेत. समोरच्याला आदराने उद्देशून बोलतानाही आपण ते वापरतो आणि बोलणारा व ऐकणारा या दोघांना एकत्र घेतानाही वापरतो. आदर आणि एकत्व हे दोन्ही अर्थ आपल्या भाषेत एकाच शब्दात नांदतात. ‘आप’ चळवळीचा आशयही याहून फारसा वेगळा नव्हता.

महाराष्ट्राच्या परंपरेत याला समांतर अशी उदाहरणे आहेत. पंढरीच्या वाटेवर वारकरी एकमेकांच्या पाया पडतात आणि एकमेकांना माउली म्हणतात. पाया पडणारा लहान आणि पडून घेणारा मोठा हा नेहमीचा नियम तेथे लागू राहत नाही. दोघेही वाकतात, म्हणून दोघेही समान ठरतात. दुसरे उदाहरण अभिवादनाच्या त्यागाचे आहे. महार समाजावर लादलेला ‘जोहार’ नाकारून आंबेडकरी चळवळीने ‘जय भीम’ हे अभिवादन स्वीकारले. त्याच वेळी हेही पाहा की, ‘जोहार’ हाच शब्द आज अनेक आदिवासी समाज अभिमानाने उच्चारतात. अभिवादनाचा अर्थ त्याच्या शब्दांत किंवा हालचालीत बंदिस्त नसतो. ते कोण कोणाला करतो, स्वेच्छेने करतो की सक्तीने, आणि समोरून परत येते की नाही, यांवर तो ठरतो.

६. आरती : समूहाची देहबोली

‘आप’ हे संबोधन वाणीचे होते. त्याला देहाची जोड आरतीने मिळाली. आरतीची क्रिया नीट पाहा. ती उभे राहून करायची असते. हात जोडलेले असतात, नजर समोरच्या ज्योतीकडे असते आणि सर्वांचा आवाज एकाच तालात मिसळलेला असतो. मालकापुढे उभे राहणारा सालदारही हात जोडूनच उभा असतो. परंतु तेथे तो एकटा असतो आणि त्याची नजर खाली असते. येथे तो हजारोंमध्ये असतो आणि त्याची नजर वर असते. दोन्हीकडे हात जोडलेलेच आहेत. पण एका ठिकाणी त्याचा अर्थ शरणागती आहे आणि दुसऱ्या ठिकाणी सहभाग आहे.

दारूबंदीचा प्रश्नही या दृष्टीने समजून घेता येतो. दारू ही देवापुढे धार टाकण्याची वस्तू होती, पाहुण्याच्या स्वागताची आणि तंटा मिटल्याची खूण होती. केवळ निषेध करून अशी प्रथा सुटत नाही. कारण दारूबरोबर ती क्रिया आणि त्या क्रियेतून मिळणारे सामूहिक समाधानही जाते. ती रिकामी झालेली जागा आरतीने भरली, असे म्हणता येईल. देवापुढे धार टाकणारे हात आता आरतीचे तबक धरू लागले. एकत्र बसून पिण्याच्या जागी एकत्र उभे राहून गाणे आले. कोणतीही सुधारणा टिकायची असेल तर जुन्या संकेताच्या बदली नवा संकेत द्यावा लागतो, हे सूत्र येथे दिसते.

सोमवार हा दिवसही लक्षात घेण्याजोगा आहे. ठरावीक वारी, ठरावीक ठिकाणी, स्वच्छ अंगाने हजारो माणसे शिस्तीने जमतात, हेच एक मोठे अशाब्दिक विधान होते. वसाहतकालीन कागदपत्रांत भिल्लांचे वर्णन लुटारू, मद्यपी आणि बेशिस्त असे वारंवार केलेले आढळते. त्या वर्णनाला मोरवडच्या मैदानातून वादविवादाने नव्हे, तर उपस्थितीने उत्तर मिळत होते.

७. महाराजांनंतर : रामदास महाराज आणि रावलापाणी

गुलाम महाराजांच्या निधनानंतर त्यांचे बंधू रामदास महाराज यांनी कार्याची धुरा सांभाळली. आरतीचे मेळावे चालू राहिले. दुसऱ्या महायुद्धाचा आणि छोडो भारत आंदोलनाचा तो काळ होता. आदिवासींचे एवढे मोठे संघटन सरकारला धोक्याचे वाटू लागले. रामदास महाराजांवर हद्दपारीचा हुकूम बजावण्यात आला. तरीही अनुयायांची साथ सुटली नाही.

२ मार्च १९४३ रोजी तळोदा तालुक्यातील रावलापाणी येथे, निझरा नाल्याच्या परिसरात, रामदास महाराजांसमवेत असलेल्या आदिवासी जमावावर गोळीबार करण्यात आला. त्यात अनेक स्त्री-पुरुष हुतात्मे झाले. तेथील खडकांवर बंदुकीच्या गोळ्यांच्या खुणा आजही दाखवल्या जातात आणि दरवर्षी २ मार्चला हुतात्म्यांना अभिवादन करण्यासाठी लोक तेथे जमतात.

येथे एक प्रश्न तुम्ही स्वतःला विचारून पाहा. आरती करणाऱ्या, दारू सोडणाऱ्या आणि सर्वांना आदराने हाक मारणाऱ्या लोकांची सत्तेला भीती का वाटावी? उत्तर कदाचित असे आहे की, सत्ता केवळ कायद्यावर आणि बंदुकीवर उभी नसते. रोज हजारो ठिकाणी झुकणाऱ्या माना आणि खाली जाणाऱ्या नजरा तिला आधार देत असतात. त्या माना उचलल्या गेल्या की काय होईल, हे राज्यकर्त्यांना समजत होते.

हा वारसा पुढच्या काळातही दिसतो. १९७० च्या दशकात शहादा परिसरात जमिनीच्या आणि मजुरीच्या प्रश्नांवर भिल्ल शेतमजुरांची मोठी चळवळ झाली. अंबरसिंग सुरतवंती हे तिचे अग्रणी होते आणि भजनमंडळ्यांच्या माध्यमातून त्यांनी जागृतीला सुरुवात केली होती. याच चळवळीत आदिवासी स्त्रियांनी पुढाकार घेऊन दारूचे मटके फोडले. या चळवळीची कारणे आणि मागण्या वेगळ्या होत्या. तथापि, एकत्र येऊन गाणे, दारूला नकार देणे आणि मालकासमोर ताठ उभे राहणे या गोष्टी या मातीला नव्या नव्हत्या.

८. आक्षेप आणि मूल्यमापन

गुलाम महाराजांच्या कार्याविषयी एक आक्षेप घेतला जातो. स्नान, आरती, मद्यत्याग, ‘आप’ हे संबोधन हे सर्व वरिष्ठ जातींच्या आचारातून घेतलेले आहे. त्यामुळे आदिवासींची स्वतःची संस्कृती मागे पडते, असे या आक्षेपाचे स्वरूप आहे. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या ‘संस्कृतीकरण’ या संकल्पनेच्या आधारे ही चळवळ वाचता येते. खालच्या स्थानावरील समूह वरच्या समूहाचे आचार स्वीकारून आपला दर्जा उंचावण्याचा प्रयत्न करतो, असे ती संकल्पना सांगते.

या आक्षेपात तथ्य नाही, असे म्हणता येणार नाही. ‘आप’ हा शब्द भिलीच्या घरगुती व्यवहारातला नव्हता. आरतीची पद्धतही बाहेरून आली होती. मातृबोलीतील जिव्हाळ्याच्या ‘तू’ ला बाजूला सारून आदर मिळवावा लागतो, यात काहीतरी गमावणे आहेच. मात्र इतिहासकार डेव्हिड हार्डीमन यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात देवीच्या चळवळीविषयी जो विचार मांडला, तो येथेही उपयोगी पडतो. प्रतिष्ठेची जी मूल्ये वरच्या वर्गाने आपल्यापुरती राखून ठेवली होती, ती आदिवासींनी स्वतःकडे घेतली आणि सर्वांसाठी खुली केली, असा त्याचा आशय आहे. नक्कल करणारा आहे ती उतरंड मान्य करतो आणि तिच्यात एक पायरी वर चढू पाहतो. गुलाम महाराजांनी लहान मुलालाही ‘आप’ म्हणायला सांगितले, तेव्हा पायरीची कल्पनाच निकालात निघाली. वरिष्ठ समाजातही मुलांना किंवा चाकरांना ‘आप’ म्हटले जात नव्हते. ज्यांच्याकडून शब्द घेतला, त्यांच्याहून अधिक उदार अर्थाने तो वापरला गेला.

शिवाय, काठीची होळी आजही पेटते आणि ढोलाच्या तालावर पाय आजही थिरकतात. एकाच प्रदेशात नृत्याची देहभाषा आणि आरतीची देहभाषा शेजारी शेजारी नांदत आली आहे. संस्कृती ही बंद पेटी नसून ती निवडीला वाव देते, हे यावरून स्पष्ट होते.

हे करून पाहा

तुमच्यापैकी अनेक जण नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिक्षण घेत आहेत. त्यामुळे निरीक्षणाची संधी तुमच्याकडे इतर विद्यार्थ्यांपेक्षा अधिक आहे. एक पूर्ण दिवस आपल्या कामाच्या ठिकाणी, बाजारात आणि घरी पुढील गोष्टींची नोंद करा : कोण कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोणाला ‘तुम्ही’? ते संबोधन दोन्ही बाजूंनी सारखे आहे का? कोण बसून बोलतो आणि कोण उभे राहून? शिपाई, सफाई कामगार, घरकाम करणारी बाई यांना कोणत्या शब्दाने हाक मारली जाते? तुम्ही स्वतः कोणता शब्द वापरता, हेही नोंदवायला विसरू नका. हे टिपण करताना कोणाचेही नाव लिहू नये.

सारांश

संत गुलाम महाराज यांनी १९३० च्या दशकात तळोदा तालुक्यातील मोरवड येथून भिल्ल समाजात सुधारणेची चळवळ उभारली. मद्यत्याग, स्वच्छता, सोमवारची सामूहिक आरती आणि सर्वांना ‘आप’ हे संबोधन ही तिची प्रमुख अंगे होती. १९३८ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर रामदास महाराजांनी ती पुढे नेली आणि १९४३ मध्ये रावलापाणी येथे तिच्या अनुयायांनी बलिदान दिले. हावभाव, अभिवादन आणि संबोधन ही संस्कृतीने व सत्तेने घडवलेली असतात. जे शिकवलेले असते ते नव्याने शिकवताही येते, आणि दीनपणाची सवय झालेला देह ताठ उभा राहू शकतो, हे या चरित्रातून दिसून येते.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. एकतर्फी ‘तू’ आणि परस्परांतील ‘तू’ यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. लहान मुलांनाही ‘आप’ म्हणण्याच्या शिकवणीचे सामाजिक महत्त्व विशद करा.

३. मालकापुढे जोडलेले हात आणि आरतीत जोडलेले हात यांच्या अर्थांची तुलना करा.

४. वारकऱ्यांचे परस्परांच्या पाया पडणे आणि ‘आप’ चळवळ यांतील साम्य सांगा.

५. गुलाम महाराजांचे कार्य हे अनुकरण होते की आत्मसन्मानाचा दावा? दोन्ही बाजू मांडून तुमचे मत लिहा.